पोस्टरवर नाव दुसऱ्याचं

ढाणकीच्या मंडपात अमिताभ बच्चन येण्याची शक्यता नाही, सलमान खान येण्याची त्याहून नाही. यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यातलं हे बाजारपेठेचं गाव. पैनगंगा ओलांडली की नांदेड जिल्हा, एका अंगाला अभयारण्याचं जंगल, भोवती कापूस, सोयाबीन, हळद आणि बंजारा तांडे. नागपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, मुंबई त्याहून कितीतरी लांब. मोठ्या नटाच्या एका कार्यक्रमाला जेवढा पैसा लागतो तेवढा इथल्या सगळ्या मंडळांच्या वर्गण्या एकत्र केल्या तरी जमायचा नाही. पण ‘ज्युनिअर अमिताभ’ येऊ शकतो. गणपतीत, दुर्गोत्सवात, एखाद्याच्या मुलीच्या लग्नात, नव्या दुकानाच्या उद्घाटनाला तो येतो. ऑर्केस्ट्राच्या गाडीतून वाद्यांच्या खोक्यांशेजारी बसून येतो, शाळेच्या वर्गात किंवा कुणाच्या ओसरीवर तोंडाला रंग लावतो, विग बसवतो, आणि निवेदकाने नाव पुकारलं की कमरेवर हात ठेवून उभा राहतो. मग पहिल्या रांगेतली पोरं ओरडतात, मागे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसलेल्या बायका उभ्या राहतात, आणि तेवढी दहा मिनिटं मुंबई ढाणकीत असते.

या माणसाला मराठीत धड एक नाव नाही. कुणी डुप्लिकेट म्हणतं, कुणी ज्युनिअर, कुणी मिमिक्रीवाला, जुने लोक नकलाकार म्हणतात. त्याच्या कामाकडे आपण दोन मिनिटं हसून सोडून देण्याची गोष्ट म्हणून बघतो. मला ते काम त्याहून बरंच मोठं वाटतं. पडद्यावरचं वलय खेड्यापर्यंत प्रत्यक्ष देहाने पोचवणारा हा एकच माणूस आहे, आणि त्या व्यवहारात टाळ्या, ओळख आणि नाव हे सगळं तिसऱ्याच कुणाच्या खात्यात जमा होतं.

आपल्याकडे हे काम सिनेमाच्या आधीपासून आहे. बहुरूपी, विदर्भात ज्यांना रायरंदही म्हणतात, पिढ्यान्पिढ्या गावोगाव सोंगं घेऊन फिरत आले. शंकर, मारुती ही देवांची सोंगं तर होतीच. पण खरी गंमत असायची ती फौजदार, तलाठी, डॉक्टर यांच्या सोंगांत. खाकी कपड्यांतला बहुरूपी दारात येऊन वॉरंट काढायचा, घरच्या माणसाचा चेहरा क्षणभर पडायचा, आणि मग हशा पिकून पायली-दोन पायली धान्य मिळायचं. ज्याची गावाला भीती त्याचीच नक्कल हा त्या कलेचा गाभा होता, आणि आजच्या पुढाऱ्यांच्या नकलांपर्यंत तो तसाच आला आहे. महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत बहुरूपी ही स्वतंत्र नोंद आहे. म्हणजे सोंग हा एका अख्ख्या समाजाचा पोटापाण्याचा व्यवसाय होता.

त्या व्यवसायाची जोखीमही जुनीच. मे 2012 मध्ये नागपूरच्या कळमना भागात बहुरूप्यांना चोर समजून जमावाने ठेचलं, तिघांचा जीव गेला. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून ठार मारण्यात आलं. सोंगाला हसणारं गाव ज्या दिवशी सोंग ओळखेनासं झालं, त्या दिवशी बहुरूप्याच्या पायाखालचा रस्ता गेला. त्यांची पोरं आज हमाली करतात, प्लास्टिकच्या वस्तू विकतात, काही शिकून नोकरीला लागली. एखाद्याने विग घेतला आणि ऑर्केस्ट्राचा रंगमंच गाठला तर मला त्यात नवल वाटणार नाही. सोंग बदललं, हुन्नर तोच.

शहरी मराठी समाजात ही कला सभागृहात गेली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भोंडे नावाच्या कलावंताच्या नावाआधी ‘नकलाकार’ हीच पदवी कायमची चिकटली होती. पुढे सिनेमा आला, आणि 1970 नंतर दादा कोंडके यांनी अशी काही छबी उभी केली की लोंबत्या नाडीची हाफ चड्डी आणि तो लाडिक सूर एवढ्यावर माणूस ओळखू यावा. दादा 14 मार्च 1998 रोजी गेले. त्यांच्यासारखे दिसणारे आणि बोलणारे कलाकार त्यानंतरही जत्रांत आणि लग्नांत उभे राहत आले, आणि ज्यांनी दादांना हयातीत पाहिलंच नाही ती पोरंही त्यांना हसतात. अलीकडे ‘चला हवा येऊ द्या’सारख्या कार्यक्रमाने 2014 पासून नटांच्या नकला घराघरात नेल्या, अमरावतीकडच्या भारत गणेशपुरे यांच्यामुळे आमची वऱ्हाडी बोलीही त्या मंचावर मानाने बसली. राज ठाकरे भर सभेत विरोधकांच्या नकला करतात तेव्हा लाखाची गर्दी ऐकते. नक्कल हलकी गोष्ट असती तर एवढ्या लोकांनी कशाला कान दिला असता?

आता ती नेमकी होते कशी, हे जरा बघू. लोकांना वाटतं, चेहरा मिळाला की झालं. चेहरा मिळणं ही फक्त सुरुवात. आपला आवाज घशातल्या स्वरपट्ट्यांमध्ये जन्मतो, पण त्याला रंग मिळतो तो घसा, तोंड आणि नाक यांच्या पोकळीत. ही पोकळी लांब असेल तर आवाज भारदस्त वाटतो. अमिताभ बच्चन यांचा आवाज काढणारा बुटका माणूस आपली हाडं तर लांब करू शकत नाही. म्हणून तो कंठमणी खाली ओढतो, ओठ किंचित पुढे काढतो, जीभ मागे घेतो. पोकळी जेवढी वाढेल तेवढी वाढवतो. आरशासमोर उभं राहून कंठमणी वर-खाली होताना बघत हा सराव महिनोन्महिने करावा लागतो. नाना पाटेकर यांच्या आवाजात वेगळीच गोम आहे. तिथे आवाजाच्या पोतापेक्षा वाक्य मध्येच तोडण्याची, थांबण्याची आणि एकदम उसळण्याची जागा पकडावी लागते. ज्याला थांबणं साधलं त्याला नाना साधले.

दुसरी गोष्ट अतिशयोक्तीची. 1987 मध्ये गिलियन ऱ्होड्स, सुझन ब्रेनन आणि सुझन केरी या संशोधकांनी ओळखीच्या माणसांची रेखाचित्रं लोकांना दाखवली. काही हुबेहूब, काही व्यंगचित्रासारखी, म्हणजे त्या चेहऱ्याचं जे वेगळेपण तेच वाढवून काढलेली. लोकांनी व्यंगचित्रं जास्त वेगाने ओळखली. आपला मेंदू माणसाला लक्षात ठेवतो तो त्याच्या सरासरीपासूनच्या फरकाने. त्यामुळे देव आनंद यांच्यासारखा दिसणारा माणूस जर देव आनंद जेवढी मान हलवत तेवढीच हलवेल तर मंडपाच्या मागच्या टोकाला काही पोचत नाही. त्याने दीडपट हलवली तर तिथलं म्हातारंही म्हणतं, ‘हा तर देव आनंदच’. 1990 च्या ‘दिल’ चित्रपटात किशोर भानुशाली यांनी हेच केलं आणि ‘ज्युनिअर देव आनंद’ म्हणून ते देशभर पोचले. किती वाढवायचं आणि कुठे थांबायचं, हा ज्याचा त्याचा अंदाज. तो चुकला की आदर संपून टिंगल सुरू होते, आणि प्रेक्षक आपल्या देवाची टिंगल सहन करत नाहीत.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या कॅरोलिन मॅकगेटिगन आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात माणसं दुसऱ्याचा आवाज काढत असताना त्यांच्या मेंदूची चित्रं घेतली होती. नेहमीच्या आवाजात बोलताना आणि आवाज बदलून बोलताना मेंदूच्या डाव्या बाजूच्या पुढच्या भागांचं काम वेगळं दिसलं. आवाज बदलताना तिथे जादा मेहनत होते. मंचावरून उतरलेला नकलाकार थकून खुर्चीत बसतो, पाणी पितो आणि बराच वेळ बोलत नाही, ते उगाच नाही. घसा ताणून रोज खर्जात किंवा चिरका आवाज लावला तर स्वरपट्ट्या सुजतात, पुढे त्यांवर गाठी येतात. गवय्याला गुरू असतो, तो सांगतो कुठे जपायचं. नकलाकाराला बहुधा कुणीच नसतं.

या कामात मिळतं काय? आधी मिळतो तो मान, आणि छोट्या गावातल्या गरीब घरच्या पोराला तो दुसऱ्या कुठल्याही वाटेने इतक्या लवकर मिळत नाही. गॅरेजमध्ये पाने फिरवणाऱ्याला, रंगकाम करणाऱ्याला एक दिवस कुणीतरी म्हणतं, ‘अरे, तू तर अगदी त्याच्यासारखा दिसतोस.’ त्या एका वाक्याने तो केस तसे कापतो, चालणं बदलतो, आणि रस्त्याने जाताना लोक वळून बघायला लागतात. नागपूरच्या शान घोष या सलमानसारख्या दिसणाऱ्या तरुणाभोवती शबानी हसनवालिया आणि समरीन फारुखी यांनी 2014 मध्ये ‘बीइंग भाईजान’ हा माहितीपट केला. विदर्भातली मुलं सलमानमध्ये नेमकं काय शोधतात हे त्यात फार आपुलकीने दिसतं. त्यांना शरीर कमवायचंय हे तर झालंच, पण त्यांना मोठ्या भावासारखा पाठीशी उभा राहणारा पुरुष व्हायचंय, शब्द पाळणारा, दानशूर. नक्कल करता करता माणूस त्या माणसातलं चांगलं तेही अंगी आणू बघतो. सलमान होणाऱ्या पोराने दारू सोडल्याच्या, व्यायाम धरल्याच्या, बहिणीच्या लग्नाचा खर्च उचलल्याच्या गोष्टी अशा मंडळींत ऐकायला मिळतात. मला त्या खऱ्या वाटतात, कारण रोज रात्री हजार लोकांसमोर जो भला माणूस व्हायचं तो दिवसा अगदीच विसरता येत नाही.

दुसरं मिळतं ते फिरणं. ज्याने तालुक्याबाहेर पाऊल टाकलं नसतं तो आदिलाबाद, छिंदवाडा, रायपूर बघतो. आणि कधीकधी खऱ्या नटाची भेट होते, त्याच्यासोबत फोटो मिळतो. तो फोटो मग पुढची कित्येक वर्षं सुपारी मिळवून देतो.

काहींच्या बाबतीत नक्कल ही स्वतःच्या कलेची पायरी ठरते. के. एल. सैगल यांच्या ढंगात गाऊनच मुकेश यांनी 1945 च्या ‘पहली नज़र’मध्ये पाऊल रोवलं, किशोर कुमारही सुरुवातीला सैगलांच्याच सावलीत होते. पुढे कुमार सानू किशोरदांची गाणी गात मोठे झाले. प्रत्येकाला एका टप्प्यावर ती सावली सोडावी लागली. आपल्या धारावीत वाढलेले जॉनी लिव्हर हे याचं सगळ्यात सुंदर उदाहरण. जन्म 1957 चा, आंध्रातला. घरच्या परिस्थितीमुळे शाळा सुटली. रस्त्यावर उभं राहून नटांच्या नकला करत पेनं विकली, मग वडिलांसारखंच हिंदुस्थान लिव्हरच्या कारखान्यात कामाला लागले. कंपनीच्या एका कार्यक्रमात त्यांनी वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या नकला केल्या आणि कामगारांनी त्यांचं नामकरण करून टाकलं. ‘ज्युनिअर अमुक’ ही ओळख त्यांच्या वाट्याला आली नाही; कारखान्याच्या नावाचं का होईना, पण स्वतःचं असं नाव मिळालं. माझ्या मते त्यांच्या पुढच्या सगळ्या वाटचालीची किल्ली तिथे आहे.

ज्युनिअर मेहमूद यांचं उलट झालं. नईम सय्यद हे त्यांचं खरं नाव, 1956 चा जन्म. मेहमूद यांच्या ‘गुमनाम’मधल्या गाण्यावर हा चिमुरडा नाचला आणि मेहमूद यांनीच त्याला हे नाव दिलं. 1968 च्या ‘ब्रह्मचारी’त तो देशाचा लाडका झाला. पुढे त्यांनी शेकडो कार्यक्रम केले, मराठी चित्रपट दिग्दर्शित केले, पण साठी उलटली तरी ते ‘ज्युनिअर’च राहिले. त्यांना त्याची खंत असल्याचं दिसलं नाही; गुरूचं नाव त्यांनी प्रेमाने मिरवलं. डिसेंबर 2023 मध्ये ते कर्करोगाने अंथरुणाला खिळलेले असताना जितेंद्र आणि बालपणीचा मित्र सचिन पिळगावकर त्यांना भेटायला गेले. 8 डिसेंबरला ते गेले. त्यांची बातमीही त्याच नावाने छापून आली. नईम सय्यद म्हटलं असतं तर फार थोड्यांना कळलं असतं.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, ही म्हण या धंद्यात रोज खरी होते. नकलाकाराचं वर्ष सलग नसतं. गणपती, दुर्गोत्सव, त्यानंतर लग्नसराई, मग जत्रा. यवतमाळचा दुर्गोत्सव मोठा, त्यामुळे आमच्या जिल्ह्यात त्या नऊ दिवसांत हाताला काम असतं. जूनपासून पेरणीच्या दिवसांत मात्र कुणी विचारत नाही. सोयाबीन पावसात गेलं, कापसाला भाव मिळाला नाही, की मंडळांच्या वर्गण्या आटतात आणि पहिली काट कलाकारांच्या बिदागीवर पडते. म्हणजे ज्युनिअर सलमानची दिवाळी शेवटी उमरखेडच्या बाजारातल्या भावावर ठरते. मधे कोऑर्डिनेटर असतो. तो मंडळाशी सौदा करतो, आपला वाटा कापतो आणि उरलेलं कलाकाराच्या हातावर ठेवतो. बयाणा मिळाला तर मिळाला. कार्यक्रम पावसाने बुडाला तर जाण्या-येण्याचा खर्चही अंगावर. लेखी करार दुर्मीळच.

त्यात वेळेचं बंधन आलं. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. राज्य सरकार वर्षातले ठरावीक, जास्तीत जास्त 15 दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. नियम योग्यच आहे, आजारी माणसाला आणि परीक्षेच्या पोराला झोप हवी. पण पूर्वी रात्रभर चालणाऱ्या कार्यक्रमात आठ-दहा नकलाकार मावायचे. आता सत्कार आणि भाषणं उरकेपर्यंत साडेनऊ वाजतात आणि नकलाकाराला एक गाणं, दोन संवाद एवढ्यात आटपावं लागतं.

2020 च्या टाळेबंदीत हे सगळं एका रात्रीत थांबलं. सचिन तेंडुलकरसारखे दिसणारे पंजाबचे बलवीर चंद मुंबईत एका खाद्यविक्री कंपनीसाठी सचिनच्या रूपात उभे राहून कमावत होते. टाळेबंदीत नोकरी गेली, ते गावी परतले, आणि पुढे कुटुंबासह करोनाने आजारी पडले. त्यांची बातमी झाली. गावोगावच्या ज्युनिअरांची झाली नाही; ते गॅरेजमध्ये, शेतात, भाजीच्या गाड्यावर परत गेले.

आणखी एक अडचण आहे, जी दुसऱ्या कुठल्या कलेत नाही. नकलाकाराच्या धंद्याचं भांडवल दुसऱ्याच्या हातात असतं. मूळ नट पडला की डुप्लिकेट पडतो. मे 2015 मध्ये सलमान खानला मुंबईच्या सत्र न्यायालयाने शिक्षा सुनावली आणि डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. त्या मधल्या महिन्यांत देशभरच्या ज्युनिअर सलमानांचा जीव टांगणीला लागला असेल, याची कल्पना करता येते. नट म्हातारा होतो तेव्हा तर विचित्र पेच पडतो. प्रेक्षकाला 1975 चा अमिताभ हवा असतो, विग काळाच लागतो, पण त्याखालचा माणूस स्वतः साठीला आलेला असतो. अमिताभ यांचे डुप्लिकेट म्हणून ओळखले जाणारे फिरोज खान 23 मे 2024 रोजी बदायूंमध्ये हृदयविकाराने गेले. राजू श्रीवास्तव यांचीही सुरुवात अमिताभ यांच्याच नकलेने झाली, आणि तेही 2022 च्या सप्टेंबरात, साठी गाठण्याआधीच गेले. ज्यांच्या नकलेने या दोघांची नावं झाली ते अमिताभ मात्र ऐंशी पार करून अजून काम करताहेत. मूळ दगडी खांब उभा आणि सावली आधी सरली.

आणि बायकांचं काय? ज्युनिअर माधुरी, ज्युनिअर श्रीदेवी या नावांनी काही जणी मंच गाजवतात, पण त्यांची वाट पुरुषांपेक्षा कितीतरी काटेरी. ज्या गावात ज्युनिअर सलमानबरोबर फोटो काढायला आई आपल्या लेकराला पुढे करते, त्याच गावात ज्युनिअर माधुरीला मंचावरून उतरल्यावर गाडीपर्यंत सोबत लागते. ऑर्केस्ट्रात नाचते, एवढ्यावर तिचं लग्न मोडू शकतं. टीव्हीवर सुगंधा मिश्रा किंवा श्रेया बुगडे यांच्या नकलांना आपण घरात बसून दाद देतो. ती दाद गावच्या मंचापर्यंत यायला हवी, ती अजून आलेली नाही. याचा दोष प्रेक्षकांचा आहे, म्हणजे आपला.

माणूस स्वतः यात कुठे राहतो? दुसऱ्या महायुद्धातली एक खरी गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. मेरिक एडवर्ड क्लिफ्टन जेम्स नावाचा नट ब्रिटिश सैन्याच्या पगार खात्यात लेफ्टनंट होता. तो जनरल मॉन्टगोमेरींसारखा दिसतो हे कुणाच्या तरी लक्षात आलं. नॉर्मंडीवर चढाई होणार होती; सेनापती भलतीकडेच आहे असं जर्मनांना वाटायला हवं होतं. जेम्सला मॉन्टगोमेरींच्या तुकडीत सार्जंट म्हणून ठेवून त्यांचं चालणं, बोलणं, हात मागे बांधणं शिकवलं. मॉन्टगोमेरी दारू-सिगारेटला शिवत नसत, म्हणून जेम्सला दोन्ही सोडायला लावलं. पहिल्या महायुद्धात त्याचं एक बोट गेलं होतं. त्या जागी खोटं बोट बसवलं. मे 1944 च्या अखेरीस त्याला जिब्राल्टरला आणि पुढे अल्जियर्सला नेलं. सैनिकांनी सलाम ठोकले, अधिकारी अदबीने उभे राहिले. त्या दिवसांपुरता त्याला जनरलचा पगारही मिळाला. काम संपलं, त्याला कैरोत लपवून ठेवलं, आणि नंतर तो परत आपल्या टेबलावर. युद्धानंतर त्याला नाटकांत काम मिळेना. बायको-मुलांसाठी सरकारी बेकारभत्ता घ्यायची पाळी आली. 1954 मध्ये त्याने पुस्तक लिहिलं, 1958 मध्ये त्यावर चित्रपट निघाला, आणि त्यात त्याने मॉन्टगोमेरी आणि स्वतः जेम्स अशा दोन्ही भूमिका केल्या. स्वतःची भूमिका करायला मिळाली, असं भाग्य फार थोड्या डुप्लिकेटांना लाभतं.

आमच्याकडे रात्री अकराला विग काढून खोक्यात ठेवल्यावर चहाच्या टपरीवर तोच माणूस उभा असतो आणि टपरीवाला त्याला ओळखत नाही. यात दुःख आहे, पण जे हे काम वर्षानुवर्षं टिकवतात ते यातून एक वाट काढतात. विग काढला की आपण आपले, असं त्यांनी पक्कं बांधून ठेवलेलं असतं. ज्यांना ते जमत नाही, जे घरीही त्याच आवाजात बोलतात, त्यांची फार वाताहत होते. बायको-पोरांना नवरा आणि बाप हवा असतो.

कायद्याची बाजूही आता या मंडळींनी समजून घ्यायला हवी. नकला करणं गुन्हा आहे का? नाही. अमेरिकेत चार्ली चॅप्लिनने चार्ल्स अमाडोर नावाच्या नटाला कोर्टात खेचलं होतं, कारण तो ‘चार्ली अॅप्लिन’ नावाने तीच टोपी, तीच मिशी लावून चित्रपट काढत होता. 1928 मध्ये निकाल चॅप्लिनच्या बाजूने लागला. तिथे लोकांची फसवणूक होत होती. याउलट आपल्याच देशात, कच्छमधल्या आदिपूर गावी, डॉ. अशोक आसवानी यांनी 1973 मध्ये ‘चार्ली सर्कल’ सुरू केलं आणि दर 16 एप्रिलला तिथे लहान-थोर चार्ली होऊन मिरवणूक काढतात. त्यात फसवणूक नाही, प्रेम आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने 2010 मध्ये दलेर मेहंदीच्या बाहुल्यांच्या खटल्यात व्यंग, विडंबन यांना मोकळीक असल्याचं म्हटलं. पुढे नोव्हेंबर 2022 मध्ये अमिताभ बच्चन आणि सप्टेंबर 2023 मध्ये अनिल कपूर यांच्या आवाजाच्या, छबीच्या विनापरवाना व्यापारी वापराला त्याच न्यायालयाने मनाई केली. जुलै 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंगच्या आवाजाची कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेली नक्कल थांबवली. म्हणजे मंडपात उभं राहून अनिल कपूर होणं वेगळं आणि त्याच आवाजात एखाद्या खताच्या कंपनीची जाहिरात करणं वेगळं. दुसऱ्या कामाची सुपारी घेण्याआधी वकिलाला विचारलेलं बरं.

यंत्राने आवाज आणि चेहरा बनवायला लागल्यापासून जिवंत डुप्लिकेटावर वेगळंच संकट आलंय. नोव्हेंबर 2023 मध्ये पंतप्रधान गरबा खेळत असल्याचा व्हिडिओ देशभर फिरला, तो डीपफेक असल्याचं सगळीकडे सांगितलं गेलं, खुद्द पंतप्रधानांनी आपल्या भाषणात त्याचा उल्लेख केला. नंतर समजलं, तो यंत्राने बनवलेला नव्हताच. मुंबईचे विकास महंते हे त्यांच्यासारखे दिसणारे उद्योजक खरोखर नाचत होते. इतकी वर्षं डुप्लिकेटाला ‘नकली’ म्हटलं जायचं. आता तो माणूस म्हणूनही नाकारला जाऊ लागला.

म्हातारपणाची सोय म्हणून राज्य सरकारची एक योजना आहे, राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची, ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांना मानधन देणारी. पन्नाशी ओलांडलेल्या, निदान 15 वर्षं कलेत घालवलेल्या आणि तुटपुंज्या उत्पन्नाच्या कलावंताला त्यातून महिना 5000 रुपये मिळतात. शाहीर, भजनी, वासुदेव, तमासगीर यांचे अर्ज येतात. नकलाकारानेही करावा; तो कलावंत आहे. पण अर्जासोबत कलेचे पुरावे जोडावे लागतात, आणि नेमकं तिथे त्याचं अडतं. त्याच्याजवळ पोस्टरं असतात, त्यांवर ‘ज्युनिअर अमिताभ’ छापलेलं. बातमीचं कात्रण असतं, त्यातही तेच. मंडळाने दिलेल्या सन्मानचिन्हावर सुद्धा तेच. आधार कार्डावरच्या माणसाने पंधरा वर्षं रंगमंचावर काम केलं हे सांगणारा एकही कागद नाही.

म्हणून ढाणकीच्या, उमरखेडच्या, महागावच्या मंडळांना माझी विनंती आहे. यंदा गणपतीत किंवा दुर्गोत्सवात ज्युनिअर कुणीही बोलवा. पोस्टरवर त्या मोठ्या नावाखाली त्याचं खरं नाव आणि गाव छापा. निवेदकाला ते एकदा मोठ्याने म्हणायला लावा. बिदागी दिली की मंडळाच्या शिक्क्याची पावती द्या, तारीख घाला, आणि कलाकाराचं नाव आधार कार्डावर आहे तसंच लिहा.